दोह्यातले लोखंडी कपाट

दोहा म्हटले की मराठीच्या प्राध्यापकाला कबीर आठवतो. नाताळच्या सुटीत मी दोह्याला चाललो आहे असे मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केले, तेव्हा आमच्या हिंदीच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आस्थेने विचारले, "निबंध वाचणार आहात की नुसते ऐकणार?" त्यांना काय सांगणार! अरबस्तानच्या पूर्व कडेला समुद्रात अंगठा काढावा तसा जो कतार नावाचा चिमुकला देश बाहेर आला आहे, त्याची ही राजधानी. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात आमच्या सौ.चा धाकटा भाऊ नोकरीला आहे. नुसता नोकरीला नव्हे, नोकरमंडळींच्या कारभारावरचा अधिकारी आहे. "ताई, एकदा येऊन जा, निम्म्या दरात खोली देतो," असे तो चार वर्षे म्हणत होता. 'निम्मा दर' हा शब्द आमच्या घरात मंत्रासारखा चालतो. २०२३च्या डिसेंबरात आम्ही उभयता निघालो.

निघण्यापूर्वी महिनाभर आमच्या घरात एकाच वस्तूचे राज्य होते, पासपोर्टचे. शेजारचे निवृत्त बँकवाले काका रोज संध्याकाळी येऊन बजावून जात, "प्राध्यापक, परदेशात एक वेळ बायको हरवली तर चालेल, पासपोर्ट हरवता कामा नये." सौ. पोह्यांची बशी घेऊन मागेच उभी होती, त्यामुळे त्या दिवशी काकांच्या पोह्यांवर खोबरे पडले नाही. पण उपदेश मात्र तिने मनावर घेतला. जुन्या खणाच्या कापडाची एक पिशवी शिवली, तिला नाडी लावली, आणि त्या पिशवीत दोन्ही पासपोर्ट घालून ती मंगळसूत्राच्या जोडीला गळ्यात घातली. मुंबईपासून दोह्यापर्यंतच्या साडेतीन तासांत तिने ती पिशवी निदान तीस वेळा चाचपली असेल.

हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या फिलिपिनी मुलीने गोड हसून पासपोर्ट मागितले आणि ते घेऊन ती आतल्या खोलीत नाहीशी झाली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. झुंबराकडे बघण्याचे मी सोंग करीत होतो; पण खरे सांगायचे तर पोटात गोळा आला होता. परत मिळाले नाहीत तर? या मुलखात मी कोण हे सांगणारी माझ्याजवळ दुसरी कोणती वस्तू आहे? कॉलेजचे ओळखपत्र घरी कपाटात होते, आणि बरोबर असते तरी ते पाहून दोह्यातल्या शिपायाने मला नमस्कार केला असता असे नाही. अखेर ती मुलगी हसतच परत आली. नकला काढायला गेली होती म्हणे. सौ.ने नोटा मोजाव्यात तशी दोन्ही पुस्तकांची पाने तपासली आणि पिशवीची गाठ मारली.

ही दहा मिनिटे मी मुद्दाम सांगितली. पुढे त्यांचे काम आहे.

दोहा सुंदर आहे, हे आधी सांगून टाकतो. समुद्राच्या कडेने चंद्रकोरीसारखा वळलेला कॉर्निश नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका टोकाला पेई या थोर शिल्पज्ञाने बांधलेले इस्लामी कलेचे संग्रहालय पाण्यात पाय सोडून बसले आहे, आणि समोरच्या तीरावर काचेचे मनोरे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत उभे आहेत. मध्ये लाकडी गलबते डुलत असतात. २०१९ साली उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय तर वाळवंटात वाळूचे जे पाकळ्या-पाकळ्यांचे स्फटिक सापडतात, त्यांच्या आकाराचे आहे. १८ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन नुकताच होऊन गेला होता. जिकडे तिकडे डाळिंबी आणि पांढरे झेंडे फडफडत होते. हवा आपल्याकडच्या कार्तिकासारखी. सौ. म्हणाली, "इतका स्वच्छ रस्ता पाहिला की चप्पल काढून चालावेसे वाटते."

पण मला जास्त मौज वाटली ती सूक वाकिफ या जुन्या बाजारात. मसाल्याची पोती, पिंजऱ्यातले पोपट, टोप्या घातलेले शिकारी ससाणे, हे सारे तिथे आहेच. त्यातून डाळिंबी जाकिटे घातलेले म्हातारे एकचाकी गाडी ढकलीत हिंडत असतात. त्यांना तिथे काय म्हणतात? हमाली! मी जागच्या जागी थबकलो. आपला हमाल! मग मी बोटे मोडायला लागलो. हमाल त्यांचा, मालक त्यांचा, करार त्यांचा, कर्ज त्यांचे, अर्ज, रजा, जामीन आणि हक्कही त्यांचेच. धनी आणि चाकर यांच्यामध्ये जे काही घडते, त्यातले निम्मे शब्द मराठीने अरबीतून उचललेले आहेत. कोळीवाड्यातला नाखवासुद्धा मूळचा फारसीतला नाखुदा. हे सारे शब्द परत त्यांच्या माहेरी भेटल्यासारखे वाटले. एकच शब्द मात्र नवा होता, 'कफील'. त्याच्याशी आमची ओळख पुढे व्हायची होती.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती अशी, की चार दिवसांत आम्हांला कतारचा माणूस म्हणून फारसा कोणी भेटलाच नाही. काउंटरवर फिलिपिनी, मोटार चालवणारा नेपाळी, दारावरचा केन्यातला, खोली झाडणारी श्रीलंकेची. देशाची वस्ती सुमारे तीस लाख, त्यात मूळचे नागरिक दहांत एकाच्या आसपास. बाकी सारा पाहुणाच. फरक एवढाच, की आमच्यासारखे पाहुणे पैसे द्यायला आलेले आणि ते मिळवायला आलेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या हॉलमध्ये सौ. नेहमीप्रमाणे उपम्याची परीक्षा घेत होती. "ह्यात कढीलिंब नाही," ती मला म्हणाली. मागून आवाज आला, "सांगतो आत, उद्या घालतील."

वळून पाहिले, तर पांढरा सदरा, काळे जाकीट, हातात चहाची किटली, आणि चेहरा थेट कोकणातला. खेड तालुक्यातला मुलगा. जगबुडी नदीच्या काठी शिकलेला, बारावी झालेला, वर हॉटेलच्या कामाचा सहा महिन्यांचा अभ्यास. वय पंचवीस-सव्वीस. नाव त्याने सांगितले, पण "लिहिलंत कुठे तर नाव घालू नका, सर," असेही सांगितले, म्हणून घालीत नाही.

त्या दिवसापासून सौ.ची न्याहारी लांबू लागली. आपल्या मुलखात कोकणातला तरुण पूर्वी गिरणीत जाई, बोटीवर जाई. आता खेड-चिपळूणच्या कित्येक घरांत पैसा येतो तो आखातातून. या मुलाचा रस्ताही तोच. मुंबईच्या एका दलालाला त्याने नव्वद हजार रुपये दिले. आपल्या सरकारच्या नियमाने दलालाला तीस हजारांवर, कर सोडून, मेहनताना घेता येत नाही. हे त्याला ठाऊक होते का? "होतं ना सर. पण पावती तीस हजारांचीच देतात." दहावीच्या आतल्या माणसाला कतारसारख्या देशांत कामाला जायचे तर सरकारी कचेरीत करार दाखवून परवानगी घ्यावी लागते, हा बारावी झालेला, त्यामुळे त्याला तीही गरज नव्हती. म्हणजे शिकलेला म्हणून त्याचा करार कोणीच तपासला नाही! मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे शिक्षणाच्या उपयोगाविषयी मी बरेच ऐकून घेत असतो. हा प्रकार नवा होता.

"आणि पासपोर्ट?" सौ.ने विचारले. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला होता.

"तो ऑफिसात असतो, वहिनी. विमानतळावरच मंदूब घेतो." मंदूब म्हणजे कंपनीच्या सरकारी कागदपत्रांची ये-जा करणारा माणूस. डॉक्टरी तपासणी आणि राहण्याचा परवाना यांसाठी पासपोर्ट लागतो, म्हणून घेतला. ते काम महिन्यात झाले. त्याला आता दोन वर्षे होत आली होती.

"मग परत माग की."

त्याने किटली उगीचच या हातातून त्या हातात घेतली. एप्रिलात, शिमगा झाल्यावर, त्याच्या बहिणीचे लग्न ठरले होते. रजा साठलेली होती. दोन महिने तो मनाशी घोकत होता, पण अर्ज केला नव्हता. "मागायला जायचं म्हणजे आधी सुपरवायझर, मग ऑफिस. ऑफिसात पहिला प्रश्न एकच. कशाला हवा?"

"सांगायचं, बहिणीचं लग्न आहे."

"सगळे तेच सांगतात, सर. त्यांना वाटतं, हा गेला की येत नाही. मग ड्यूटी बदलते, टिप मिळायची जागा जाते. कर्ज अजून पंचवीस हजार आहे." आणि इकडेतिकडे पाहून म्हणाला, "तुम्ही कुणाला बोलू नका हं."

नाही, म्हणून मी मान हलवली. ज्या ऑफिसाला तो भीत होता, तिथल्या खुर्चीवर माझा मेहुणाच बसतो, हे काही माझ्या तोंडून निघाले नाही. निम्म्या दराची खोली आठवली असावी.

त्याच दुपारी मेहुण्याने सुचवले म्हणून मुशैरिब भागातली संग्रहालये पाहायला गेलो. तिथे बिन जल्मूद नावाचे एक जुने घर आहे. मोठा चौक, जाड पांढऱ्या भिंती, आत थंडगार. कोण्या एका काळी हे एका गुलामांच्या व्यापाऱ्याचे घर होते. २०१५ साली तिथे गुलामगिरीचेच संग्रहालय उघडले. आपल्या घरातली अडगळीची खोली पाहुण्यांना उघडून दाखवायला धैर्य लागते, आणि कतारने ते दाखवले आहे. गुलामगिरी त्या देशात १९५२ साली कायद्याने बंद झाली. म्हणजे आपले वडील शाळेत जात होते तेव्हा.

तेलाच्या आधी या किनाऱ्याचे पोट मोत्यांवर चाले. इथले मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि रुपया तर आपलाच चाले. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या निराळ्या नोटाही काढल्या होत्या, आणि कतारात त्या १९६६पर्यंत चालल्या. मोती काढायला पाणबुडे समुद्राच्या तळाशी जात. त्यांत गुलामही असत आणि मोकळी माणसेही. पण मोकळा पाणबुड्या हंगामाच्या आधी नाखुदाकडून उचल घेई, हंगाम संपला तरी उचल फिटत नसे, आणि ती फिटल्याशिवाय दुसऱ्या गलबतावर जाता येत नसे. अनेकदा बापाची उचल मुलाच्या माथी येई. उचल हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्या ऊसतोडणीच्या टोळ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. पुढच्या दालनांत जगभरच्या आजच्या वेठबिगारीची हकीकत आहे. सौ. बराच वेळ तिथे उभी होती. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "आज रात्री त्याच्याकडे जेवायला जायचंय ना?"

मेहुण्याचे घर दोन खोल्यांचे, नीटनेटके. त्याच्या बायकोने खास पुरणपोळी केली होती. जेवणे झाल्यावर पान नव्हते, म्हणून बडीशेप चघळीत मी विषय काढला. सहज विचारतो आहे असे दाखवून विचारले, नोकरांचे पासपोर्ट तुमच्याकडे असतात म्हणे?

"असतात की. माझ्या मागच्या लोखंडी कपाटात. दोनशेच्या वर आहेत. नंबर घालून, अक्षरवार लावलेले." त्याच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता, उलट नीट ठेवल्याचा अभिमान होता. "भाऊजी, ही मुलं आठ-आठ जण एका खोलीत राहतात. तिथे पासपोर्ट ठेवला तर हरवेल, चोरीला जाईल. परवान्याचं कार्ड त्यांच्या खिशात असतं, रोजच्या व्यवहाराला तेवढं पुरतं. आम्ही बँकेच्या लॉकरसारखं सांभाळतो."

आणि मग त्याने मला कफीलची गोष्ट सांगितली. परदेशी माणसाला या देशात राहायचे तर त्याची जबाबदारी घेणारा इथला कोणी लागतो. तो कफील, आणि ती पद्धत कफाला. मूळ अरबीत या शब्दाचा एक अर्थ मोठा हळवा आहे : अनाथाचा सांभाळ. पण व्यवहारात असे झाले, की माणसाने नोकरी सोडायची तर कफीलचे पत्र, देश सोडायचा तर कफीलचे पत्र. "हे सगळं आता गेलं, भाऊजी," तो म्हणाला. "देश सोडायची परवानगी बहुतेकांना २०१८ सालीच माफ झाली. नोकरी बदलायचं पत्र २०२०त गेलं. २०२१पासून किमान पगार ठरला, हजार रियाल, शिवाय जेवण आणि जागा. फुटबॉलच्या विश्वचषकाच्या निमित्ताने सगळं जग आमच्याकडे बघत होतं ना." आणि हे खरेच होते. त्याच्या हॉटेलात पगार वेळेवर होतो, खोल्या थंड आहेत, जेवण बरे असते. त्या मुलानेही मला तसेच सांगितले होते.

"पण पासपोर्ट ठेवून घ्यायला कायद्याने बंदी आहे ना?" मी विचारले.

"आहे. २००९पासून आहे. २०१५च्या कायद्यात तर दंड पंचवीस हजार रियालपर्यंत नेला. पण कामगाराने स्वतः लेखी विनंती केली तर ठेवता येतो. आमच्याकडे प्रत्येकाची लेखी विनंती आहे." त्याने मोबाईलवर नमुना दाखवला. अरबीत आणि इंग्रजीत छापलेला कागद, खाली सहीपुरती रेघ. 'माझा पासपोर्ट सुरक्षिततेसाठी कंपनीने आपल्याजवळ ठेवावा अशी मी विनंती करतो.'

तेवीस वर्षे मी मुलांना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवीत आलो आहे. या वाक्याने मला पेचात टाकले. वाक्याचा कर्ता कामगार आहे, यात शंका नाही. पण क्रिया त्याने केलेली नाही. वाक्य छापखान्यातून आले, सही विमानतळावरून थकून आलेल्या माणसाने दिली, आणि विनंती मान्य करण्याचे औदार्य कंपनीने दाखवले. असा प्रयोग आमच्या व्याकरणात नाही.

मीही मग थोडे पांडित्य पाजळले. म्हटले, "अरे, पासपोर्ट त्या मुलाचासुद्धा नाही, मग तुमचा कुठून? आपल्या १९६७च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, पासपोर्ट ही सर्वकाळ भारत सरकारची मालमत्ता आहे. त्याच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती असते, की ह्या माणसाला मुक्तपणे येऊ-जाऊ द्यावे. ती खरी विनंती. आणि त्याच साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परदेशी जाणं-येणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे."

"भाऊजी, न्यायालयं वर असतात," तो शांतपणे म्हणाला. "माझ्यावर जनरल मॅनेजर असतो. एका माणसाला आणायला कंपनीचा खर्च होतो. तो सहा महिन्यांत समोरच्या हॉटेलात गेला, तर मला विचारतात. कपाटाला किल्ली असली की माणसं दोन वर्षं टिकतात. मी काय कुणाला डांबून ठेवलंय?"

सौ. आतापर्यंत बडीशेपेची डबी बंद-उघड करीत बसली होती. ती म्हणाली, "तुझा पासपोर्ट कुठे असतो रे?"

"माझा?" तो हसला. "माझा इथे, कपाटात. बेडरूमच्या." आणि मग त्याचे हसू तिथेच थांबले.

कोणी काही बोलले नाही. त्याच्या बायकोने उठून पाण्याची भांडी उचलली. खरे म्हणजे मी तिथेच थांबायला हवे होते. पण प्राध्यापकाला मुद्दा जिंकल्यावरही उदाहरण द्यावेसे वाटते. मी म्हणालो, "तुमच्याच न्याहारीच्या हॉलमधला एक मुलगा, आपल्या खेडचा, बहिणीच्या लग्नाला जायचंय तर पासपोर्ट मागायला घाबरतो. ही काय स्थिती झाली?"

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तो नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. उपम्यात कढीलिंब होता. चहा एक नेपाळी मुलगा देत होता. त्याला विचारले, तर म्हणाला, ड्यूटी बदलली. सौ.ने माझ्याकडे पाहिले, आणि उपमा तसाच टाकून उठली. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली. टाकलेला उपमा मी प्रथमच पाहिला.

शेवटच्या रात्री साडेअकराला झोप येईना, म्हणून खोलीत चहा मागवला. ट्रे घेऊन तोच आला. रात्रपाळीला, खोल्यांत खाणे पोचवायच्या कामावर लावला होता. मला पाहून त्याने ट्रे टेबलावर ठेवला, किटली सरळ केली आणि खाली बघत विचारले, "सर, तुम्ही बोललात का कुणाला?"

खोटे बोलणे सोपे होते. नको तितके सोपे होते. मी म्हणालो, "बोललो. तुमचे साहेब माझे मेहुणे आहेत."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "वाटलंच. ऑफिसात बोलावलं होतं. ओरडले नाहीत, नीट बोलले. म्हणाले, तुला पासपोर्ट हवाय असं कळलं. कशाला हवा?"

"मग?"

"माझ्या तोंडून निघून गेलं, नकोय म्हणून." तो कसनुसा हसला. "दोन महिने पाठ केलं होतं सगळं. लग्नाची तारीख, रजेचे दिवस, परतीचं तिकीट. पण समोर उभं राहिल्यावर म्हटलं, नकोय."

रात्रपाळी साहेबांनी लावली नव्हती. सुपरवायझरने ऑफिसच्या बोलावण्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. धन्याला काही करावे लागत नाही, मधली माणसे परस्पर करतात. मी काय बोलणार? क्षमा मागितली. सौ.ने पर्समधून काही नोटा काढल्या, तर त्याने हात मागे घेतला. "वहिनी, टिप नको. आज नको." आणि दार हळूच ओढून घेऊन गेला. वेटर आहे म्हणून पाहुण्याचे दार तो आपटू शकत नव्हता, हे मला नंतर सुचले.

विमानतळावर आम्हांला पोचवायला मेहुणा आला होता. तिथे पिवळ्या रंगाचे एक प्रचंड कापडी अस्वल बसवल्यासारखे शिल्प आहे. येणारे-जाणारे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. बाहेर मोटारीतून सामान उतरवताना तो मला म्हणाला, "भाऊजी, तुम्ही रागावून जाताय." मी म्हटले, "तुझ्यावर नाही." सौ.ने गळ्यातली पिशवी काढली, दोन्ही पासपोर्ट हातात घेतले आणि भावाला म्हणाली, "दहा मिनिटं तुमच्या काउंटरवर हे होते, तर माझ्या पोटात कालवलं. दोन वर्षं म्हणजे किती दहा मिनिटं होतात, हिशेब कर." ती हिशेबात माझ्यापेक्षा नेहमीच पक्की आहे.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. आवाजात विजय होता. त्याने आपल्या मनाने नोकरांच्या जेवणघरात नोटीस लावली होती : ज्यांना पासपोर्ट जवळ ठेवायचा असेल त्यांनी कार्यालयात येऊन अर्ज करावा. "आणि भाऊजी, तीन आठवड्यांत किती आले, सांगा? चार! दोनशेंत चार. बघा, कुणाला नकोच आहेत."

त्या चारांत खेडचा मुलगा होता. या खेपेला त्याने 'नकोय' म्हटले नाही. अर्ज केल्यापासून पाच आठवड्यांनी, वरून मंजुरी आल्यावर, पासपोर्ट मिळाला. तोही अशा बोलीवर, की दोन सोबत्यांनी जामीन राहावे. हा परतला नाही, तर त्याच्यावरचा खर्च त्या दोघांच्या पगारातून कापायचा. एप्रिलात तो खेडला आला, बहिणीला सासरी पाठवली, आणि तेराव्या दिवशी परत गेला. मला फोन करून म्हणाला, "दोन दिवस जास्त राहिलो असतो, सर. पण ते दोघं झोपले नसते."

दोनशेंत चार. हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. मेहुण्याचे म्हणणे खोटे तरी कसे म्हणावे? नोटीस त्याने लावली होती. दार उघडे होते. मग इतर का गेले नाहीत?

याचे उत्तर मला जूनमध्ये आमच्याच कॉलेजात मिळाले. आमच्या कार्यालयातही एक लोखंडी कपाट आहे. सोळा वर्षांपूर्वी या कॉलेजात रुजू झालो, तेव्हा माझी बी.ए. आणि एम.ए.ची मूळ प्रमाणपत्रे 'पडताळणीसाठी' तिथे दिली. पडताळणी केव्हाच झाली असेल; प्रमाणपत्रे तिथेच आहेत. माझीच नव्हेत, सर्वांची आहेत. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी अडकवून ठेवू नयेत असे बजावले, त्याचे परिपत्रक मीच वर्गात वाचून दाखवले होते. आपलीही कपाटात आहेत, हे वाचताना मनातही आले नव्हते.

वर्ष सुरू झाले त्या आठवड्यात मी कार्यालयात गेलो. मुख्य लिपिक सज्जन गृहस्थ आहेत. आम्ही एकत्र चहा पितो. म्हटले, "माझी मूळ प्रमाणपत्रे हवी होती."

त्यांनी चष्मा वर केला. "कशाला हवीत, सर? दुसरीकडे अर्ज केलाय का?"

प्रश्न अगदी साधा होता, विचारणारा माझा स्नेही होता, माझी नोकरी कायम आहे, मुलखात मी परका नाही, भाषा तर माझ्या पोटापाण्याचीच आहे. आणि तरी माझा घसा कोरडा पडला. माझ्या कानांनी ऐकले, मी म्हणत होतो, "छे, छे! तसं काही नाही. सहज. राहू द्या." आणि मी बाहेर आलो.

व्हरांड्यात उभा राहिलो तेव्हा मला तो ट्रे घेऊन उभा असलेला मुलगा दिसला. माझ्या डोक्यावर कर्ज नव्हते, सुपरवायझर नव्हता, समुद्र नव्हता. तरीही मी एका प्रश्नात आडवा झालो होतो. मग दोनशेंतले चार गेले कसे, याचेच नवल करायला हवे.

संध्याकाळी सौ.ला सांगितले. ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या लिहून घेऊन जा. आणि कारण लिहू नका. आपली वस्तू आहे."

दुसऱ्या दिवशी एका ओळीचा अर्ज दिला. कारण लिहिले नाही. लिपिकांनी तो दोनदा वाचला आणि 'वर' पाठवला. अकरा दिवसांनी एका जुनाट पाकिटातून माझी दोन्ही प्रमाणपत्रे बाहेर आली. कडा पिवळ्या पडल्या होत्या. सौ.ने ती खणाच्या पिशवीत घालून पाहिली, मावली नाहीत, म्हणून साड्यांच्या घडीत ठेवली. आता आमच्या शिक्षकांच्या खोलीतले आणखी तिघे अर्ज घेऊन गेले आहेत. बाकीचे, कशाला उगीच, म्हणतात.

दोह्याला त्या मुलाला मी हे फोनवर सांगितले. तो मनापासून हसला. मग विचारले, "किती दिवस लागले, सर?"

"अकरा."

"आणि जामीन?"

"जामीन नाही मागितला."

"मग बरं आहे तुमचं कॉलेज," तो म्हणाला.